फाशी : जी नोंद पुन्हा उलटवता येत नाही



जून २०११ मध्ये आपल्या इंदूरमधल्या एका घरात तीन स्त्रियांचा खून झाला. आजी, आई आणि मुलगी. कारण चोरी. ते घर आपल्यासारखंच मराठी घर होतं. ज्यांची त्यांच्याशी ओळख नव्हती, त्यांच्या घरीही त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. दाराची बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचं, ही सवय अनेक घरांना तेव्हा लागली आणि अजून आहे.

आम्ही म्हणजे मंडळाच्या वाचनालयात रोज सकाळी पेपर वाचायला जमणारी पाच-सहा निवृत्त माणसं. कुणी शिक्षक होतं, कुणी वीज मंडळात, कुणी बँकेत. लिहिण्याचं काम बँकवाल्याकडे आलं, कारण हिशेब मांडायची सवय त्याला आहे असं बाकीच्यांचं म्हणणं.

त्या वेळी एक निवेदन फिरलं होतं. आरोपींना फाशीच झाली पाहिजे, अशी मागणी होती. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. न वाचता केल्या असं म्हणून सुटका करून घेणार नाही, वाचून केल्या. पुढे सत्र न्यायालयाने तिघा आरोपींना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. आणि २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा सिद्ध झाल्याचं मान्य करून फाशी मात्र रद्द केली. त्याऐवजी जन्मठेप, आणि ती किमान २५ वर्षं.

त्या सकाळी वाचनालयात आवाज चढले. "आता कायदा फक्त गुन्हेगारांसाठीच आहे का?" असं एकाने विचारलं, आणि तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं. आमच्यापैकी एकाचा भाचा वकील आहे. त्याने निकालपत्राचा प्रिंट आणून दिला आणि म्हणाला, "मामा, आधी वाचा, मग भांडा." तो पावसाळाभर आम्ही ते वाचलं. एका निकालात दुसऱ्याचा उल्लेख, दुसऱ्यात तिसऱ्याचा. असं करत करत बराच लांबचा प्रवास झाला.

त्या प्रवासात आमचं मत बदललं. फाशीची शिक्षा कायद्यातून जावी, असं आता आम्हाला वाटतं. आणि जोवर ती आहे, तोवर फाशीच्या कैद्याला कायद्याने दिलेलं एकही दार वेळेआधी बंद होऊ नये, असंही वाटतं. हे का वाटतं, ते या लेखात सांगायचं आहे.

फाशीपर्यंतचा रस्ता कसा असतो?

आधी व्यवस्था समजून घेऊ. कारण "कोर्टाने फाशी दिली" हे वाक्य आपण वाचतो, तेव्हा खरं तर रस्त्याची सुरुवात झालेली असते.

खुनाला आपल्या कायद्यात दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने यात एक महत्त्वाची गोष्ट घातली : फाशी द्यायची तर न्यायाधीशांनी त्याची खास कारणं लिहिली पाहिजेत. म्हणजे जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी हा अपवाद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे.

१९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींसमोर प्रश्न आला की फाशी राज्यघटनेत बसते का. पीठावर सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड होते. चार विरुद्ध एक अशा मतांनी फाशी वैध ठरली, पण "दुर्मिळातल्या दुर्मीळ" प्रकरणातच ती द्यावी, असं बंधन घातलं गेलं. नुसता गुन्हा बघायचा नाही, गुन्हेगारही बघायचा. त्याचं वय, परिस्थिती, मनाची अवस्था, तो सुधारण्याची शक्यता. ती शक्यता उरलेली नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. विरोधात एकटे न्यायमूर्ती पी. एन. भगवती होते. त्यांच्या मते ही शिक्षा कोणत्या न्यायाधीशासमोर खटला आला यावर ठरते, म्हणून ती घटनेत बसत नाही.

सत्र न्यायालयाने फाशी दिली की प्रकरण आपोआप उच्च न्यायालयाकडे जातं. किमान दोन न्यायमूर्तींनी पुरावा पुन्हा तपासून मंजुरी दिल्याशिवाय ती शिक्षा अमलात येत नाही. बँकेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल : शाखेच्या अधिकाराबाहेरची रक्कम असेल तर वरच्या कार्यालयाच्या मंजुरीशिवाय पैसे सुटत नाहीत. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील, मग पुनर्विलोकन याचिका, मग क्युरेटिव्ह याचिका. शेवटी दयेचा अर्ज, राज्यपालांकडे घटनेच्या कलम १६१ खाली आणि राष्ट्रपतींकडे कलम ७२ खाली.

इतक्या पायऱ्या कशासाठी, असं आम्हालाही वाटायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांचं वरच्या न्यायालयांत काय झालं, हे त्यात तपासलं आहे. शेवटपर्यंत फाशी टिकली ती सुमारे ५ टक्के प्रकरणांत. बहुतेकांची शिक्षा कमी झाली. आणि जवळपास ३० टक्के लोक निर्दोष सुटले.

हा शेवटचा आकडा आम्ही दोनदा वाचला. एखाद्या शाखेत शंभर कर्जप्रकरणं मंजूर झाली आणि तपासणीत त्यातली पाचच योग्य ठरली, तर त्या शाखेत काय होईल, हे सांगायला नको. इथे तर प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे.

इंदूरचा पहिला खटला : गुन्हा सिद्ध, तरी फाशी नाही

आता २०११ च्या खटल्याकडे येऊ. न्यायालयाने गुन्हेगारांना सोडलं, असा समज आपल्याकडे पसरला होता. तो चुकीचा आहे. तिघांचं दोषी असणं कायम राहिलं.

न्यायालयाचा मुद्दा वेगळा होता. बचनसिंग निकालाने सांगितलं होतं की गुन्हेगाराकडेही बघा. पण बघणार कसं? खटल्यात सगळी माहिती गुन्ह्याची येते : जखमा, हत्यार, पंचनामा. माणसाबद्दल कुणी काही गोळा करतच नाही. गरीब आरोपीचा वकील शिक्षेच्या सुनावणीत दोन ओळी बोलतो : वय कमी आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत. संपलं. अनेकदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी शिक्षाही सुनावली जाते.

म्हणून या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात सरकारनेच आरोपीच्या मानसिक अवस्थेचा अहवाल सुरुवातीच्या टप्प्यावर सादर करावा. त्याचं बालपण, घर, शिक्षण, आर्थिक स्थिती यांची माहिती यावी. तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल यावा. आज देशातल्या कुठल्याही फाशीच्या खटल्यात हे अहवाल मागवले जातात, तेव्हा आपल्या शहरातल्या या खटल्याचा आधार घेतला जातो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षेच्या सुनावणीला किती वेळ आणि कशी संधी द्यायची, हा प्रश्न न्यायालयाने पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

त्या घराचं दुःख यामुळे कमी होत नाही. ते आम्ही समजून आहोत. पण एक गोष्ट आम्ही स्वतःला विचारली : आम्ही सही केली तेव्हा त्या तिघांबद्दल आम्हाला काय माहीत होतं? वर्तमानपत्रातले फोटो. तेवढ्यावर आम्ही मंजुरी देऊन टाकली होती. साधं घरकर्ज देतानाही आम्ही याहून जास्त कागद मागत होतो.

इंदूरचा दुसरा खटला : तेवीस दिवस

एप्रिल २०१८ मधली राजवाड्याची घटना सगळ्यांना आठवत असेल. आईवडिलांजवळ झोपलेल्या काही महिन्यांच्या मुलीला उचलून नेऊन अत्याचार आणि खून. ज्या ओटल्यांवरून आपण सणासुदीला खरेदी करत फिरतो, तिथून. शहर हादरलं. घटनेपासून अवघ्या तेवीस दिवसांत न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. सगळीकडे कौतुक झालं. आम्हीही केलं, "बघा, मनात आणलं तर होतं" असं म्हणालो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो संपूर्ण निकाल रद्द केला आणि खटला नव्याने चालवायला सांगितला. पीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती भूषण गवई, मूळचे अमरावतीचे. आरोपी निर्दोष आहे, असं न्यायालयाने म्हटलं नाही. म्हटलं ते इतकंच, की खटला इतक्या घाईने चालवला गेला की आरोपीला बचावाची खरी संधीच मिळाली नाही. वैज्ञानिक तपासणीचे अहवाल पुराव्यात घेतले, पण ते तयार करणाऱ्या तज्ज्ञांची साक्ष आणि उलटतपासणी झाली नाही.

म्हणजे घाईमुळे मिळालं काय? त्या मुलीच्या आईवडिलांना साडेपाच वर्षांनी सांगितलं गेलं, की आता पुन्हा पहिल्यापासून. आरोपीवर अन्याय झाला असेल-नसेल, पण घाईचा फटका त्या आईवडिलांना नक्की बसला. न्याय लवकर व्हावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण पैसे न मोजता कॅश बंद केली तर घरी लवकर जाता येतं, आणि दुसऱ्या दिवशी तूट निघते.

नाशिक आणि पुणे : चूक कळायला किती वर्षं लागतात

भाच्याने पुढे दिलेले दोन निकाल महाराष्ट्रातले होते, आणि आमच्यातल्या सर्वांत कडक माणसाला गप्प करणारे होते.

पहिला नाशिकचा. जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाचा शिक्का बसला. आता काय उरलं?

पुढे कळलं की त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला होता. मग २०१८ मध्ये न्यायालयाने स्वतःचा निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकायला घेतलं. कागद पुन्हा उघडल्यावर दिसलं, की वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच पुढे गेला नाही. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. राज्य सरकारने प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. तोवर सोळा वर्षं गेली होती.

आम्ही हिशेब केला. २००९ च्या निकालानंतर सगळं "वेगाने" झालं असतं, तर २०१९ मध्ये निर्दोष ठरवायला कुणी उरलंच नसतं. आणि ज्यांनी तो गुन्हा केला, ते मोकळेच राहिले. त्या मेलेल्या पाच माणसांनाही न्याय मिळाला नाही.

दुसरा निकाल पुण्याचा. १९९४ मध्ये एका घरात सात जणांचा खून झाला. त्यात एक गरोदर स्त्री होती आणि दोन मुलं होती. फाशी झालेल्यांपैकी एकाची शिक्षा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पुढे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं, की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. कायद्यानुसार बालकाला फाशी देताच येत नाही. मार्च २०२३ मध्ये तो सुटला, अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून. साडेबारा वर्षांचा मुलगा म्हणजे सातवीतला. ही गोष्ट इतकी वर्षं, इतक्या न्यायालयांत, कुणाच्या लक्षात आली नाही.

आणि काही वेळा उशिरा लक्षात येऊन उपयोग नसतो. १९९६ मध्ये राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फक्त गुन्ह्याकडे बघून फाशी कायम केली, गुन्हेगाराच्या परिस्थितीचा विचार केला नाही. त्या कैद्याला फाशी झाली. तोच निकाल पुढे धरून आणखी शिक्षा झाल्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की १९९६ चा तो निकाल बचनसिंग निकालाच्या विरुद्ध होता, म्हणजे कायद्याने चुकीचा. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून विनंती केली, की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा कमी करावी. जे आधीच फासावर गेले होते, त्यांच्यासाठी मात्र अर्ज करून काही उपयोग नव्हता.

एका तुटीची गोष्ट

इथे बँकेतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. ऐंशीच्या दशकात एका शाखेत कॅशमध्ये मोठी तूट निघाली. कॅशियर निलंबित झाला. सगळ्यांना खात्री होती, आम्हालाही, कारण त्या दिवशी तिजोरीची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती आणि त्याच्या घरी लग्न ठरलेलं होतं. आठ-नऊ महिन्यांनी हिशेब जुळवताना सापडलं, की दुसऱ्या शाखेला पाठवलेल्या रकमेत एक बंडल जास्त गेलं होतं आणि तिथे ते भलत्याच खात्यात जमा धरलं होतं. उलट नोंद झाली. कॅशियर कामावर परत आला, थकलेला पगार मिळाला. मधल्या काळात त्याच्या बायकोने मंगळसूत्र मोडलं होतं, तेवढं परत आलं नाही.

चाळीस वर्षं आम्ही एका गोष्टीच्या भरवशावर काम केलं : चूक होणार, पण ती सापडली की उलट नोंद करता येते. पोलीस, साक्षीदार, वकील, न्यायाधीश हीही आपल्यासारखीच माणसं आहेत. त्यांच्याकडूनही चुका होणार. तुरुंगवासाच्या शिक्षेत उलट नोंदीची जागा असते, अपुरी का होईना. फाशीत ती नसते. आमचा विरोध मुख्यतः या एका कारणासाठी आहे.

फाशीच्या कैद्याला कोणते हक्क असतात?

२०२३ च्या अखेरीस देशात ५६१ फाशीचे कैदी होते. राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या त्याच अहवालानुसार अशा कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले असतात. पैसेवाला चांगला वकील करतो आणि त्याची केस "दुर्मिळातली दुर्मीळ" ठरत नाही, हे कटू आहे पण आकड्यांत दिसतं. या कैद्यांना न्यायालयांनी वेळोवेळी काही संरक्षणं दिली आहेत. ती थोडक्यात अशी :

१. एकांतकोठडी नाही. १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात ठरलं, की सगळे उपाय संपून शिक्षा अंतिम होईपर्यंत कैद्याला "फाशीचा" म्हणून वेगळं, एकटं कोंडून ठेवता येत नाही.

२. पुनर्विलोकन खुल्या न्यायालयात. पूर्वी ही याचिका न्यायमूर्ती आपल्या दालनात कागदांवरूनच निकाली काढत. सप्टेंबर २०१४ पासून फाशीच्या प्रकरणात ती किमान तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात, वकिलाचं म्हणणं ऐकून निकाली काढायची असते.

३. दयेच्या अर्जाला विनाकारण उशीर झाला तर शिक्षा कमी होऊ शकते. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात या आणि अशा कारणांनी १५ कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. रोज सकाळी "आज बोलावतील का" या भीतीत वर्षानुवर्षं ठेवणं ही कायद्यात नसलेली वेगळीच शिक्षा आहे, असा त्यामागचा विचार. पुण्याच्या २००७ च्या एका प्रकरणात दोघांची फाशी याच कारणाने रद्द होऊन ३५ वर्षांची कैद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि प्रत्येक राज्याच्या गृह खात्यात दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष असावा, असा आदेश दिला. फायली टेबलावर पडून राहिल्या की काय होतं, ते इथे दिसतं.

४. अर्ज फेटाळल्याची सूचना आणि फाशी यांत किमान चौदा दिवसांचं अंतर. त्या काळात कायदेशीर सल्ला मिळाला पाहिजे, नातेवाइकांची शेवटची भेट झाली पाहिजे.

५. गंभीर मानसिक आजार असलेल्याला फाशी देता येत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजाराचाही विचार करून फाशी रद्द केली.

६. मोफत वकील. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या कुठल्याही माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

नव्या संहितेने दयेच्या अर्जाला मुदत घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा, आधी राज्यपालांकडे; तिथे फेटाळला तर साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. अर्ज कैदी स्वतः, त्याचे वारस किंवा नातेवाईक करू शकतात. मुदत असणं चांगलं. पण ज्याच्या घरी कुणाला वाचता येत नाही, ज्याला घरच्यांनी टाकलं आहे, त्याचे तीस दिवस कसे जात असतील, याचाही विचार व्हायला हवा. म्हणून तुरुंगापर्यंत पोचणारा वकील हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"चौदा वर्षांत सुटून येतात की!" हा मोठा गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षांआधी सरकार सोडू शकत नाही, इतकाच चौदाचा अर्थ. चौदा वर्षांनी सोडलंच पाहिजे, असं कुठेही नाही. शिवाय उच्च आणि सर्वोच्च न्यायालय वीस, पंचवीस, तीस वर्षं कुठलीही सूट न देता कैद अशी शिक्षा देऊ शकतं. हे घटनापीठाने २०१५ मध्ये मान्य केलं आहे. समाज सुरक्षित ठेवायला ही शिक्षा पुरेशी आहे.

"फाशीची जरब बसते." १९६७ मध्ये विधि आयोगाने फाशी ठेवावी असं म्हटलं होतं. २०१५ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने अभ्यास करून सांगितलं, की जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब जास्त बसते असा पुरावा नाही. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस त्यांनी केली. आपले शेजारी बघा. नेपाळ आणि भूतानने फाशी कायद्यातूनच काढली आहे. श्रीलंकेत १९७६ नंतर कुणाला फाशी दिलेली नाही.

"मग कसाबचं काय?" हा प्रश्न आमच्यातही सुटलेला नाही. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली, तेव्हा आमच्यापैकी एकालाही वाईट वाटलं नाही. आमच्यातले एक जण अजूनही विधि आयोगासारखंच म्हणतात, की तेवढा अपवाद असू द्या. बाकीच्यांचं म्हणणं, की दार एकदा किलकिलं ठेवलं की त्यातून कोण आत ढकलला जाईल हे आपल्या हातात राहत नाही. त्याच्यासाठी ठेवलेला दोर नाशिकच्या सहा जणांच्याही गळ्याशी आला होता.

"आपल्या परंपरेत हे बसतं का?" ३ जून १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, की फाशीच्या प्रकरणांत अपिलाची सोय करत बसण्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील. हा देश अहिंसा तत्त्व म्हणून मानत आला आहे. यावर आम्ही वेगळं काय सांगणार?

"ज्यांचं माणूस गेलं, त्यांचं काय?" हा सर्वांत खरा प्रश्न आहे, आणि फाशीच्या गदारोळात तोच मागे पडतो. कायद्यात २००९ पासून पीडितांसाठी भरपाई योजना आहे. ती किती जणांना माहीत असते? खटला चालू असताना त्या घराबरोबर कोर्टात कोण जातं? २०११ मध्ये आम्ही निवेदनावर सही केली, पण सुनावणीच्या तारखांना कोर्टात जाऊन बसलो नाही. आज विचार करता त्या सहीपेक्षा त्या बाकावर बसणं जास्त उपयोगाचं झालं असतं.

आपल्याला काय करता येईल?

मोठं काही नाही. पुन्हा एखादी भयंकर घटना घडली, आणि घडेलच, तर फाशीच्या मागणीचं निवेदन मंडळाच्या नावाने जाऊ नये; नीट तपास, नीट खटला आणि पीडित कुटुंबाला मदत, ही मागणी जावी. आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असे ठराव काही ठिकाणी होतात. ते बेकायदेशीर आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. तसा ठराव झाला तर आपण टाळ्या वाजवू नयेत. घरकामाच्या बाई, वॉचमन, रिक्षावाले यांच्यापैकी कुणाचं माणूस कोठडीत असेल, तर विधि सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक त्यांना द्यावा. आणि घरातल्या तरुण मुलांशी या विषयावर बोलावं. मोबाईलवर आलेला "लटकवा" असा निरोप पुढे पाठवण्याआधी त्यांनी नाशिकच्या सहा जणांची गोष्ट एकदा ऐकलेली असावी.

देशात शेवटची फाशी २० मार्च २०२० रोजी पहाटे तिहारमध्ये झाली. त्यानंतर आजवर दोर तसाच आहे. तो तसाच राहावा, असं आता आम्हाला वाटतं.

वाचनालयात त्या निकालाचा प्रिंट अजून कपाटात आहे, वरून दुसऱ्या खणात, पिवळ्या फायलीत. ज्यांना आमचं म्हणणं पटलं नसेल त्यांनी तो वाचावा आणि सकाळी साडेआठ ते दहा या वेळात भांडायला यावं. चहा आमच्याकडून.